तात्यांची पावसाची वही

२०२५ च्या सप्टेंबरात, उत्तरा नक्षत्रात आमच्याकडं जो पाऊस झाला, तो ओसरल्यावर चौथ्या दिवशी मारुतीच्या पारावर माणसं बसली होती. दुसरं कामच नव्हतं. रानात पाय टाकावा तर गुडघ्याएवढा चिखल. सोयाबीन सडून काळं पडलेलं, तूर पिवळी झालेली, कांद्याची रोपं गाळाखाली गेलेली. सीनेच्या काठच्या गावांचे हाल तर बघवत नव्हते. घरांत पाणी शिरलं, दाव्याची जनावरं दाव्यालाच मेली. आमचं गाव सीनेपासून तीन-चार कोस आत, बार्शीच्या अंगाला. नदीचं पाणी आमच्यापर्यंत येत नाही. आमचं जे गेलं ते आमच्याच ओढ्यानं नेलं.

पारावर पावसाचीच चर्चा. ऐंशी ओलांडलेले एक म्हातारबा म्हणाले, "आसा पाऊस नवा न्हाई. आमच्या वक्ताला बी यायचा. तुम्ही बघितला न्हाई येवढंच."

दुसरा म्हणाला, "माणसाची नियत फिरली, मग आभाळाची का फिरू नये?"

तिसऱ्याचा राग सरकारवर. "धरणाचं पाणी येळेवर सोडलं न्हाई, त्याचा ह्यो परिणाम."

कॉलेजात जाणारं एक पोरगं मोबाईल पुढं करून म्हणालं, "आज्जा, ह्याला क्लायमेट चेंज म्हणत्यात. आख्ख्या जगात चाललंय."

मी पोराच्या बाजूनं बोललो. मला थोडं वाचायची सवय आहे. समुद्र तापलाय, हवेत वाफ वाढलीय, असं चार वाक्यं सांगितलं. माझा चुलत भाऊ आबा पाराच्या कडेला बसला होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याचं पाऊण एकर रान ओढ्यानं खरडून नेलं होतं आणि विहीर गाळानं बुजली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं. उठताना धोतराची माती झटकली आणि एवढंच म्हणाला, "तुझं क्लायमेट चेंज खरं आसंल. पण वढा तिकडनं हिकडं त्यानं न्हाई आणला."

आणि गेला. पारावर कोणी काही बोललं नाही. कारण तो काय म्हणाला ते सगळ्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी पावसाचा इतिहास सांगतो. पावसाचं काय चुकलं आणि माझं काय चुकलं, हे त्याशिवाय वेगळं करता यायचं नाही.

त्या दिवशी घरी आलो आणि फडताळातली तात्यांची वही काढली. तात्या म्हणजे माझे वडील. शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर मोत्यासारखं. १९७३ च्या मृगापासून त्यांनी पाऊस लिहायला सुरुवात केली. दुकानदाराच्या रोजकीर्दीसारखी लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही. दर वर्षाला दोन-तीन पानं. डाव्या हाताला नक्षत्र, त्याचं वाहन, नक्षत्र निघाल्याची तारीख. हे सगळं सोलापूरच्या दाते पंचांगातून उतरवलेलं. उजव्या हाताला प्रत्यक्ष काय झालं ते. मिलिमीटर वगैरे भानगड नाही. "पागोळ्या गळाल्या." "वीतभर ओल." "ओढा आला." "झड, तीन दिवस." "पाभरी चालल्या." "वापसा नाही, थांबलो." २००१ साली तात्या गेले. तिथून पुढं मी लिहितो. मी बार्शीहून प्लास्टिकचं पर्जन्यमापक आणलं, म्हणून माझ्या पानांवर आकडे आहेत. म्हणजे बापाचे शब्द आणि लेकाचे आकडे, असा तो जोड आहे.

वही १९७३ लाच का सुरू झाली, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आधीचं साल बहात्तर होतं.

बहात्तरला मी अकरा वर्षांचा होतो. त्याच्या आदल्या वर्षीच पावसानं हात आखडता घेतला होता. बहात्तरला तर मृग कोरडा, आर्द्रा कोरड्या, आणि ज्याच्यावर आमचा मुलूख जगतो ते उत्तरा-हस्तही कोरडे. आमचा भाग पर्जन्यछायेचा. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कोकणात जेवढा एका महिन्यात पडतो त्याहूनही कमी. पूर्वी आमच्याकडं खरिपाला फारशी किंमत नव्हती. काळी भारी रानं पावसाळाभर मोकळी ठेवायची, कुळवाच्या पाळ्या घालायच्या, ओल मुरवायची आणि उत्तरा-हस्ताच्या पावसावर शाळू पेरायचा. मालदांडी ३५-१ हे नावाजलेलं वाण आमच्याच जिल्ह्यात, मोहोळला निवडलेलं. नुसत्या जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर ते पीक यायचं. वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा त्यातूनच. तो शाळू बहात्तरला पेरलाच गेला नाही.

मग दुष्काळी कामं निघाली. आमची आई खडी फोडायला जायची. हातोडीनं बोटं फुटायची, त्याला चिंध्या बांधायची. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम होतं, तिथं तात्या माती वाहायचे. आम्हा पोरांना सुकडी मिळायची. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिलो म्हणून मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. त्याच दुष्काळी कामांच्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या विचारातून पुढं रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. ज्या कायद्याचं आज देशभर नाव होतं, त्याचा पाया माझ्या आईसारख्या बायकांनी फोडलेल्या खडीवर आहे, असं मला नेहमी वाटतं.

तेव्हा पारावरचे म्हातारबा म्हणतात त्यात खोटं नाही. आपत्ती नव्या नाहीत. तुकोबांच्या काळात १६३० ते १६३२ चा दुष्काळ पडला, त्यात गावंच्या गावं ओस पडली. १८७६ ते १८७८ च्या आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. आमची आज्जी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची, की लोकांनी तरवडाचा पाला आणि निवडुंगाची बोंडं खाऊन दिवस काढले. एवढं सगळं घडून गेलेल्या मुलखातला म्हातारा माणूस "हे काय नवं?" म्हणाला, तर त्याला अडाणी म्हणायचं कारण नाही. त्याच्या पाठीशी चारशे वर्षांची आठवण आहे.

पण आठवणीची एक खोड असते. मोठी आपत्ती तिच्या ध्यानात राहते, रोजचा पाऊस राहत नाही. बहात्तर सगळ्यांना आठवतं. त्र्याहत्तरला, चौऱ्याहत्तरला पाऊस कसा पडला ते कोणाला आठवतं? आणि शेती तर रोजच्या पावसावर चालते. म्हणून वहीची गरज.

मी तीन रात्री बसून वही पहिल्यापासून वाचली. तात्यांचे शब्द आणि माझे आकडे यांची थेट तुलना होत नाही, हे मला कळतं. "वीतभर ओल" म्हणजे किती मिलिमीटर, हे जमिनीवर अवलंबून असतं. पण शब्द मोजता येतात. मी शब्द मोजले.

पहिला शब्द झड. सूर्य दिसत नाही, पावसाचा जोर नाही, पण बारीक भुरभुर दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबत नाही, अशा पावसाला झड म्हणतात. घोंगडीच्या खोळी वाळत नसत, चुलीला ओलं सरपण लागत असे, बाया वैतागत. पण ते पाणी थेंब न थेंब जमिनीत मुरायचं. तात्यांच्या वहीत तरणा-म्हाताऱ्या पावसाच्या पानांवर, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांत, झड हा शब्द चांगल्या सालात हमखास सापडतो. माझ्या पानांवर तो विरळ होत गेला. गेल्या दहा वर्षांत मी तो फक्त दोनदा लिहिलाय. माझ्या नातवाला झड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं.

दुसरा शब्द ढगफुटी. तात्यांच्या अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या लिखाणात तो एकदाही नाही. हल्ली तो पोरासोरांच्या तोंडी असतो. खरं तर हवामान खात्याच्या हिशेबानं तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तरच त्याला ढगफुटी म्हणतात. आपण कुठल्याही मोठ्या सरीला ते नाव देतो, हे चूक. पण शब्द उगीच रुळत नाही. माणसांनी असं काहीतरी बघितलंय, ज्याला जुने शब्द पुरत नाहीत.

तिसरा शब्द अवकाळी. तात्यांच्या वहीत अवकाळीची नोंद आली की तिच्याखाली रेघ ओढलेली असते, कारण ती नवलाची गोष्ट असायची. माझ्या पानांवर मी रेघ ओढायचं सोडून दिलं. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीला आणि मार्चात तर दिवसामागून दिवस गारा पडल्या. मराठवाडा, सोलापूर, विदर्भ, सगळीकडं. काढणीला आलेला शाळू, गहू, हरभरा भुईसपाट झाला. द्राक्षाच्या बागांत घडांचा लगदा झाला. कोंबड्या, शेळ्या, मोर मेले. गार म्हणजे वळवाच्या पावसात एखाद्या दिवशी पडणारी, पोरांनी वेचून खायची गोष्ट. तिला आम्ही त्या वर्षी पहिल्यांदा भ्यालो.

आणि चौथी गोष्ट म्हणजे एकाच वर्षात दोन टोकं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला पाणी नव्हतं म्हणून मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. ती गाडी आमच्या बार्शीवरनंच जायची. बहात्तरला विहिरीत पाणी होतं पण पोटाला दाणा नव्हता. आता दुकानात गहू-तांदूळ होता पण पाणी नव्हतं. आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरअखेरीला असा पाऊस झाला की मांजरा नि तेरणा दुथडी वाहिल्या. सहा महिन्यांपूर्वी जिथं घागरींची रांग होती, तिथं पूर. २०२३ चा ऑगस्ट तर देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. आणि २०२५ ला मान्सून मे महिन्यातच आला, २६ मेला मुंबईत. मृग निघायला अजून बारा-तेरा दिवस होते. त्या पानावर डाव्या हाताला कोणतं नक्षत्र लिहावं? मी रोहिणी लिहिलं. रोहिणीच्या पानावर "मान्सून आला" असं लिहिताना हात अडखळला.

माझी वही एका गावाची. एका गावाच्या वहीवरून जगाचा निवाडा करू नये, हे मला दहावीपर्यंतच्या शिक्षणातही कळतं. म्हणून ज्यांच्याकडं देशभराच्या वह्या आहेत त्यांचं काय म्हणणं आहे, ते बघितलं. हवामान खातं १८७५ साली सुरू झालं, त्यामागंही वादळं आणि दुष्काळच होते. २०२० साली या खात्यानं मान्सूनच्या येण्याजाण्याच्या तारखा बदलल्या. जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवरच्या होत्या. नव्या हिशेबात केरळात येण्याची १ जून ही तारीख तीच राहिली. पण राजस्थानातून परत फिरण्याची तारीख १ सप्टेंबरची १७ सप्टेंबर झाली आणि मुंबईतून जाण्याची २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. म्हणजे पाहुणा येतो ठरल्या वेळी, पण जाताना मुक्काम वाढवतो. आमच्या शाळूच्या पेरणीला वापसा का मिळत नाही, याचं उत्तर मला त्या दोन तारखांत सापडलं. उशिरा पेरलेला शाळू पोटरीत येईतो थंडी सरते, आणि दाणा भरायच्या वेळी उन्हाचा तडाखा बसतो.

पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१७ साली एक अभ्यास मांडला. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात, एकाच वेळी मोठ्या मुलखावर कोसळणारा अतिमुसळधार पाऊस १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढला, असं त्यात दिसलं. आणि याच पट्ट्यातला पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र वाढला नाही, उलट घटला. म्हणजे पडायचे दिवस कमी आणि पडला की बदाबदा. माझ्या वहीतल्या झडीचं आणि ढगफुटीचं गणित हेच सांगत होतं.

कारण काय, ते एका कृषी विज्ञान केंद्राच्या मेळाव्यात एका तरुण शास्त्रज्ञानं छान समजावलं. तो म्हणाला, "काका, कारखाने सुरू व्हायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. कोळसा आणि तेल जाळून. ही जगानं अंगावर घेतलेली वाकळ आहे. वाकळीत ऊब कोंडते. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सात टक्के जास्त वाफ मावते. अरबी समुद्र तापला की वाफेला तोटा नाही. मग हवा ती वाफ बरेच दिवस धरून ठेवते आणि एकदम सोडून देते." मी म्हणालो, "म्हणजे सावकारासारखं. बरेच दिवस हात आखडायचा आणि मग एकदम घर जप्त करायचं." तो हसला.

आता लोकांच्या मनाचा इतिहास. तोही पावसाइतकाच बदलत गेलाय.

माझ्या लहानपणी पाऊस लांबला की देवाकडं बोट. एका पोराला लिंबाच्या डहाळ्या बांधून धोंडी काढायची, दारोदारच्या बाया त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायच्या. महादेवाची पिंड पाण्यात कोंडायची. त्यात एक बरं होतं. सगळं गाव एकत्र यायचं आणि चूक सगळ्यांची मानली जायची. कोणाचं तरी काहीतरी चुकलंय, म्हणून देव रुसलाय, असं.

मग बोट विमानाकडं गेलं. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या त्याच संस्थेनं सोलापूरहून विमानं उडवून ढगांत क्षाराचे कण सोडण्याचा प्रयोग केला. पाऊस वाढतो का ते पाहायचं होतं. पुढं त्यांनी मांडलं की काही ठिकाणी अठरा टक्क्यांपर्यंत पाऊस वाढला. पण आमच्या पारावर उलटीच बातमी. विमान ढग पळवतंय, कोणीतरी बागायतदारांनी पैसे भरलेत. माणसं शिवारात उभी राहून विमानाला शिव्या द्यायची. पाऊस आणायला आलेलं विमान आमच्या लेखी ढगांचा चोर झालं. रिकामं आभाळ बघून डोकं फिरलेल्या माणसाला कोणीतरी चोर लागतोच.

मग बोट सरकारकडं वळलं. गारपिटीनंतर पंचनामे, अनुदान, पीकविमा हेच पावसाचे शब्द झाले. पाऊस किती पडला, हे आता ओल बघण्यासाठी कोणी विचारत नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला का, एवढंच विचारतात, कारण त्याच्यावर असेल तरच ती अतिवृष्टी. मंडळाचं यंत्र आमच्या गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर. आमच्या शिवारात ओढ्याला पूर आणि तिकडं यंत्रात भुरभुर, असं झालेलं आहे. माझी वही घेऊन मी एकदा कचेरीत गेलो. तिथला माणूस बिचारा सज्जन होता. त्यानं वही कौतुकानं चाळली आणि म्हणाला, "काका, जपून ठेवा. पण ही चालत नाही."

आणि आता बोट आभाळाकडं आहे. क्लायमेट चेंज. हे उत्तर खरं आहे, वर सांगितलंच. पण खऱ्या उत्तराचाही आडोसा करता येतो, हे मला माझ्यावरूनच कळलं.

आमच्या गावात चाळीस-पन्नास फुटांवर विहिरींना पाणी होतं. आता बोअर सातशे-आठशे फुटांवर जातात. हे आभाळानं केलं नाही. साडेपाचशे मिलिमीटरच्या मुलखात आम्ही ऊस लावला. कारखाने झाले, बिलं आली, माणसं सुधारली, पोरं शिकली. उसाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही, माझ्या लेकीचं लग्न उसाच्या बिलावर झालंय. पण पाणी आटलं की आम्ही म्हणतो, पाऊस बदलला. बैल गेले, ट्रॅक्टर आले, बांध फिरायला आडवे येतात म्हणून कोरले. मग माती वाहून गेली की म्हणतो, पाऊस बदलला. पाऊस बदलला हे खरंच आहे. पण तो बदलायच्या वेळीच आम्ही त्याच्या वाटेतले सगळे आडसर काढून ठेवले.

आता माझी गोष्ट.

आमच्या आणि आबाच्या रानाच्या मधून ओढा जायचा. वेडावाकडा, माझ्या बाजूला चांगला पोट काढून. त्या वळणात करंज, बाभळी, लव्हाळा, आणि कडेला एक जुनी चिंच. वीस गुंठे जागा नुसती पडून. २००९ साली उसाला भाव बरा होता. मी जेसीबी आणला, चार दिवसांत ओढा सरळ केला आणि पोटाची जागा माती टाकून रानात घेतली. चिंच तेवढी राहिली. सरळ करताना ओढा आबाच्या बांधाला भिडला. आबा तेव्हा आला होता. म्हणाला, "पाणी माझ्याकडं लोटतोयस तू." मी म्हणालो, "आबा, या ओढ्याला पाणी येतंच कुठं आता? कवाचा कोरडा पडलाय." तो मोठा असून गप्प बसला. भावकीत वाद नको म्हणून. त्या वीस गुंठ्यांत मी पंधरा-सोळा वर्षं ऊस घेतला.

सप्टेंबरात त्या रात्री माझ्या मापकात १३० मिलिमीटर पाणी होतं. मापक तेवढंच मावतं, वरचं सांडून गेलं. ओढा सरळ केलेला, काठाला झाड नाही, मग पाणी थांबेल कशाला? ते बंदुकीच्या गोळीसारखं आबाच्या बांधावर गेलं. बांध फुटला, माती गेली, खाली मुरूम उघडा पडला. आणि माझे भरावाचे वीस गुंठेही गेले. ओढ्यानं आपली जुनी जागा घेतली आणि वर आबाची नवी घेतली. चिंच मात्र जागेवर आहे.

वही वाचताना तिसऱ्या रात्री १९८३ च्या पानावर तात्यांची ओळ सापडली. "उत्तरा. रात्री मोठा पाऊस. ओढा आला. पाणी चिंचेच्या बुडाला लागले. सकाळी उतरले. कोणाचे नुकसान नाही."

म्हणजे म्हातारबा म्हणत होते तसा मोठा पाऊस तेव्हाही आला होता. त्या रात्री ओढ्याला पसरायला जागा होती, म्हणून शेवटचं वाक्य तसं लिहिता आलं. आणि वाईट याचं वाटतं, की ही ओळ मी २००९ च्या आधीही वाचलेली होती. चिंचेपर्यंतची जागा ओढ्याची आहे, हे मला माहीत होतं. वही वाचणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन आबाच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं, पण माझ्याकडं बघितलं नाही. मी ते पान वाचून दाखवलं. आबाला लिहिता-वाचता बेताचंच येतं. तो म्हणाला, "काकांचं अक्षार हाय व्हय?" त्यानं पान हातात घेऊन बोट फिरवलं. मी म्हणालो, "आबा, ती वीस गुंठं आता मी पुन्हा भरणार नाही. तिथं ओढा राहू दे. तुझ्या बांधाला दगडाची पिचिंग करू, खर्च माझा." माझा मुलगा यावर अजून नाराज आहे. त्याचं म्हणणं, सगळ्या गावानं ओढे दाबलेत, आपणच का सोडायचं? जगभरचा धूर आपण काढला नाही, मग भरपाई आपण का करायची? त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. तो प्रश्न खराच आहे आणि तो मोठ्या देशांना, मोठ्या कारखान्यांना विचारलाच पाहिजे. पण आबाच्या मुरूम उघड्या पडलेल्या रानाकडं बोट दाखवून तो विचारता येत नाही.

आबानं वही परत दिली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आवंदाचं लिवलंस का?"

"लिहिलंय. उत्तरा, १३० च्या वर, मापक सांडलं."

"आन वढा कुणी हलवला ते?"

ते लिहिलं नव्हतं. घरी येऊन लिहिलं. तात्यांच्या पद्धतीनं, कमी शब्दांत. "ओढा आला. पाणी चिंचेच्या वर गेले. पाऊस पूर्वीपेक्षा जास्त. ओढा २००९ साली मी सरळ केला होता. आबाचे पाऊण एकर गेले."